मिरास आणि मिरासदार : यज्द नगरीच्या वास्तुवारशाचे एक परीक्षण

१

मराठीतील 'वारसा' आणि फारसीतील 'मीरास' हे दोन्ही शब्द मूळ अरबीतील एकाच धातूचे वंशज होत. मागील पिढीकडून काही प्राप्त होणे, हा त्या धातूचा अर्थ. पुढे दोन भाषांत त्यांचे मार्ग भिन्न झाले. आधुनिक फारसीत 'मीरास-ए-फरहंगी', म्हणजे सांस्कृतिक वारसा, हा राज्यकारभारातील पारिभाषिक शब्द बनला. २०१९ साली इराणमध्ये सांस्कृतिक वारसा, पर्यटन आणि हस्तव्यवसाय या तीन विषयांचे मिळून एक मंत्रालयच अस्तित्वात आले. मराठीत 'मिरास' हा शब्द महसुली दप्तरांतून रूढ झाला आणि तेथे त्याला निराळेच वजन प्राप्त झाले. मिरास म्हणजे केवळ वडिलार्जित वस्तू नव्हे. जमिनीवरील वंशपरंपरेचा हक्क आणि त्या हक्काला जोडलेली जबाबदारी, असे तिचे दुहेरी स्वरूप होते. मिरासदार सारा भरी, गावकीचा बोजा उचली, आणि दुष्काळात परागंदा झाला तरी परत येऊन आपल्या शेतावर हक्क सांगू शके. उपरी तीच जमीन कसत असे, परंतु गावाशी त्याचे असे नाते जडलेले नसे.

हा अर्थभेद केवळ कोशकाराच्या उपयोगाचा नाही. एखाद्या प्राचीन नगराला 'वारसा' म्हणून मान्यता दिली जाते तेव्हा सामान्यतः वस्तूंची मोजदाद होते : इतक्या मशिदी, इतके वाडे, इतके हौद. त्या वस्तूंवर हक्क कोणाचा होता, त्यांच्या निगराणीचा बोजा कोण वाहत होता आणि तो आज कोण वाहतो, हे प्रश्न मोजदादीच्या बाहेर राहतात. फारसी अर्थाने मीरास सिद्ध होते. मराठी अर्थाने मिरासदार बेपत्ता असतो. इराणच्या मध्यवर्ती पठारावरील यज्द या नगरीच्या वास्तुवारशाचे आजवर झालेले वर्णन या कसोटीवर तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

२

यज्द हे इस्फहानच्या आग्नेयेस सुमारे २७० किलोमीटर अंतरावर, दोन वाळवंटांच्या सान्निध्यात वसलेले शहर होय. त्याचा जुना भाग कच्च्या विटांचा आणि मातीच्या गिलाव्याचा आहे. भुरकट रंगाची घुमटाकार छपरे, त्यांतून वर डोकावणारे वाऱ्याचे मनोरे, कमानींनी झाकलेल्या अरुंद गल्ल्या आणि जामे मशिदीचे उत्तुंग जोडमिनार हे त्याचे दृश्य रूप छायाचित्रांतून जगास परिचित झाले आहे. जुलै २०१७ मध्ये पोलंडमधील क्राकूव येथे भरलेल्या अधिवेशनात युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने या ऐतिहासिक नगराचा आपल्या यादीत समावेश केला.

या समावेशाबरोबर प्रसिद्ध झालेल्या वर्णनाचा गाभा एका विधानात आहे. मातीच्या बांधकामाची अनेक पारंपरिक शहरे आधुनिकीकरणाच्या ओघात नष्ट झाली; यज्द त्यातून बचावले, असा त्या विधानाचा आशय. जुने मोहल्ले, कनातींची जलव्यवस्था, घरे, बाजार, हमाम, मशिदी, सिनेगॉग, झरतुष्ट्री अग्निमंदिरे आणि दौलताबादची बाग या बचावलेल्या गोष्टींची यादीही तेथे आहे.

'बचावले' हे क्रियापद मोहक आहे. परंतु ते इतिहासाला धरून आहे काय? १९३३ साली इराणात रस्ते रुंद करण्याचा कायदा झाला आणि रझाशाहच्या कारकिर्दीत जवळजवळ प्रत्येक जुन्या शहराच्या छातीतून वाहनांसाठी सरळ हमरस्ते काढण्यात आले. यज्दही त्यास अपवाद नव्हते. त्या काळी पहलवी यांच्या व आज इमाम खोमेनी यांच्या नावाने ओळखला जाणारा रस्ता जुनी वीण छेदूनच गेला आहे. तेव्हा यज्द आधुनिकीकरणातून बचावले असे म्हणण्यापेक्षा, आधुनिकीकरणाने ज्याचे बाह्यांग बरेचसे शाबूत ठेवले आणि अंतर्गत संबंध मात्र एकेक करून सोडवले असे हे शहर आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. पाणी, वारा आणि माणूस या तीन संबंधांच्या आधारे या प्रतिपादनाची छाननी करता येते.

३

यज्दमध्ये वर्षाकाठी सरासरी ५० ते ६० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसावर शहर उभे राहत नाही. ते उभे राहिले ते भूमिगत कालव्यांवर. या कालव्यास 'कनात' म्हणतात. तंबूभोवतीच्या पडद्याला मराठीत जो 'कनात' शब्द आहे तो तुर्कीतील 'पंख' या अर्थाच्या शब्दापासून आलेला असून त्याचा या अरबी शब्दाशी संबंध नाही. पर्वताच्या पायथ्याकडे खोल विहीर खणून भूजल गाठावयाचे, तिला 'मादर-चाह' म्हणजे मातृकूप म्हणावयाचे, आणि तेथून अत्यल्प उताराचा बोगदा काढून पाणी आपोआप सखल वस्तीपर्यंत आणावयाचे, अशी ही रचना. बोगद्यावर ठिकठिकाणी उभी विवरे असतात. त्यांतून माती उपसता येते आणि दुरुस्तीसाठी उतरता येते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद, येथे जी नहर बांधविली ती याच कुळातील असल्यामुळे मराठी अभ्यासकास ही कल्पना अगदीच अपरिचित नाही.

यज्दखालून जाणारी झार्चची कनात सत्तर किलोमीटरांहून अधिक लांब असून तिच्यावर दोन हजारांहून अधिक विवरे आहेत. २०१६ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या अकरा इराणी कनातींत तिचा समावेश आहे. जामे मशिदीच्या प्रांगणातून पायऱ्या उतरून तिच्या प्रवाहापर्यंत जाण्याची सोय केलेली होती. वर प्रार्थनास्थळ आणि खाली जलमार्ग, असा हा योग होता.

या पाण्याला मालक होते. कनातीचा प्रवाह काळाच्या मापाने वाटला जाई. तळाशी बारीक छिद्र असलेले भांडे पाण्यावर सोडीत. ते भरून बुडेपर्यंतचा वेळ हे वाटपाचे एकक. भारतीय घटिकापात्राचे तत्त्व हेच. असा वाटा विकता येई, वारसांना देता येई, धर्मादाय 'वक्फ' म्हणून अर्पण करता येई. आणि ज्याचा वाटा त्याच्यावर कनातीच्या सफाईचा खर्च. बोगद्यात उतरून काम करणारे यज्दचे 'मुकन्नी' इराणभर नावाजलेले होते. मराठी अर्थाने ही शुद्ध मिरास होय.

या जलव्यवस्थेचा शहराच्या आकृतीशी असलेला संबंध अमेरिकन भूगोलज्ञ मायकेल बोनाइन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात स्पष्ट केला. मुस्लिम जगातील जुनी शहरे म्हणजे दिशाहीन गल्ल्यांचा गुंता, हा समज पाश्चात्त्य लेखनात दीर्घकाळ रूढ होता. यज्दसारख्या इराणी शहरांचे नकाशे तपासून बोनाइन यांनी दाखवून दिले की तेथील गल्ल्यांत बरीच सरळ आणि काटकोनी शिस्त आहे, आणि ती शिस्त शेतांना पाणी देणाऱ्या पाटांच्या उतारातून आली आहे. शेत गेले, घर आले. पाटाच्या कडेची वाट गल्ली झाली. पर्यटकाला चक्रव्यूहासारखी वाटणारी गल्ली ही वस्तुतः पाण्याने लिहिलेली ओळ आहे.

ही ओळ आज दिसते, पण तिचा अर्थ लावणारे पाणी तिच्यात नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोल नलिकाकूपांनी भूजलाची पातळी खाली नेली. १९६३ साली सुरू झालेल्या 'श्वेतक्रांती'तील भूसुधारणांनी जुनी जमीनदारी मोडली. तिच्यातील अन्याय पाहता ते आवश्यकही होते, परंतु अनेक ठिकाणी कनातींच्या देखभालीचा भार उचलणारी यंत्रणाही तिच्याबरोबर मोडली. गेल्या शतकाच्या अखेरीपासून यज्दला झायन्देरूद नदीचे पाणी नळाने, म्हणजे इस्फहान प्रांतातून, येऊ लागले. ज्यांच्या शेतांना त्या नदीचे पाणी मिळेनासे झाले, त्या पूर्व इस्फहानमधील शेतकऱ्यांनी २०१३ साली ही जलवाहिनी फोडली. यज्द–अर्दकानच्या मैदानात भूजलाच्या अतिउपशामुळे जमीन खचत आहे, ती गोष्ट वेगळीच. 'कनातींची जलव्यवस्था बचावली' हे वाक्य या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे बोगदा बचावला आणि व्यवस्था गेली, असा त्याचा खरा अन्वय लागतो. पाणी साठवणाऱ्या 'आब-अंबारां'चेही तसेच. धान्याच्या 'अंबारखान्या'तील 'अंबार' तोच हा शब्द. सहा बादगीरांचे प्रसिद्ध आब-अंबार छायाचित्रासाठी उभे आहे. त्याच्या पायऱ्या उतरून घागर भरण्याचे प्रयोजन नळाने संपविले.

४

वाऱ्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. 'बादगीर' या शब्दात 'बाद' म्हणजे वारा आणि 'गीर' म्हणजे धरणारा. मराठीतील 'जहागीर' शब्दाच्या शेवटी हाच 'गीर' आहे. बादगीराचा मनोरा उंचावरचा वारा पकडून खालच्या दालनात सोडतो. वारा नसेल तेव्हा दाबाच्या व तापमानाच्या फरकाने खोलीतील उष्ण हवा वर खेचतो. मेहदी बहादोरी यांनी १९७८ साली आपल्या निबंधात या क्रियेचे शास्त्रीय विवरण केले. बादगीर एकटा काम करीत नाही, हे त्यातील मर्म. खाली उतरलेली हवा हौदावरून, कारंज्यावरून किंवा तळघरात खेळविलेल्या कनातीच्या पाण्यावरून गेली तरच तिचा गारवा पुरेसा होतो. अठराव्या शतकात मोहम्मद तकी खान याने उभारलेल्या दौलताबाद बागेतील बादगीर तेहतीस मीटरांहून उंच आहे. त्याच्या तळाशी जलकुंड आहे, ते शोभेपुरते नव्हे. पाणी आटले की बादगीर म्हणजे उंच चिमणी उरते. घरोघरी आलेल्या विद्युत कूलरला पाणी लागते ते नळाचे, आणि त्याला मनोऱ्याची गरज नसते.

तथापि 'गीर' या प्रत्ययात धरण्याच्या क्रियेबरोबर धरण्याच्या अधिकाराचाही ध्वनी आहे, आणि तो यज्दच्या गौरवपर वर्णनांत जवळजवळ ऐकू येत नाही. नेपिअर माल्कम हे ख्रिस्ती धर्मप्रसारक यज्दमध्ये पाच वर्षे राहिले. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात तेथील झरतुष्ट्री समाजावरील निर्बंधांची नोंद आहे. झरतुष्ट्री आणि यहुदी यांची घरे व भिंती, हात उंचावलेल्या मुसलमानाचा हात माथ्याला लागेल इतक्याच उंचीच्या असाव्या लागत. रस्त्याच्या पातळीखाली मात्र खणता येई. दुहेरी दार निषिद्ध. वरचा मजला निषिद्ध. आणि बादगीरही निषिद्ध. १९०० साली एका मोठ्या पारशी व्यापाऱ्याने राज्यपालास आणि प्रमुख धर्मगुरूस मोठा नजराणा देऊन बादगीर बांधण्याची परवानगी मिळविली, असे माल्कम सांगतात.

यज्दला 'बादगीरांचे शहर' म्हणतात. ज्या समाजाचे वास्तव्य त्या शहरात इस्लामपूर्व परंपरेशी नाते सांगते, त्या समाजाला विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बादगीर बांधण्याची मुभा नव्हती. मशीद, सिनेगॉग आणि अग्निमंदिर यांची नावे एका ओळीत लिहिली की सहजीवनाचे चित्र उभे राहते. भिंतींच्या उंचीची नोंद केली की त्या सहजीवनाच्या अटी दिसतात. वास्तूचे वर्णन करणाऱ्याने पहिली गोष्ट लिहावी आणि दुसरी गाळावी, याला संक्षेप म्हणता येणार नाही.

५

येथे यज्दचा संबंध महाराष्ट्राशी येतो. १८५४ साली मुंबईच्या पारशी समाजाने माणेकजी लिमजी हाथरिया यांना इराणमधील धर्मबांधवांच्या साह्यार्थ पाठविले. त्यांच्या दीर्घ प्रयत्नांचे फळ म्हणून १८८२ साली नासिरुद्दीन शाहने झरतुष्ट्र्यांवरील जिझिया रद्द केला. याच काळात आणि पुढेही यज्द व किरमाण येथून अनेक कुटुंबे मुंबईस व पुण्यास आली. पारशांहून वेगळी ओळख राखणारा 'इराणी' समाज आणि त्याची उपाहारगृहे मराठी नागरजीवनाचा भाग झाली.

यज्दमधील आतश-बहराम अग्निमंदिर आज शहराच्या प्राचीनतेचे प्रतीक म्हणून दाखविले जाते. त्यातील अग्नी सुमारे दीड हजार वर्षे अखंड तेवत असल्याची श्रद्धा आहे. परंतु इमारत १९३४ सालची. तिला पैसा भारतातील पारशांनी पुरविला, आणि आराखडा मुंबईच्या वास्तुविशारदांचा. दर्शनी भागावरील पंखधारी फरोहर आणि स्तंभयुक्त सोपा ही रूपे मुंबईच्या अग्निमंदिरांना जवळची आहेत. म्हणजे यज्दच्या झरतुष्ट्री वारशाचे सर्वात परिचित रूप हे बचावलेले नव्हे, तर परागंदा झालेल्यांच्या आप्तांनी परत पाठविलेले आहे. मराठी दप्तरातील मिरासदार गैरहजेरीतही हक्क राखीत असे. येथे गैरहजर वारसाने आपला बोजाही उचलला.

याउलट, ज्या वास्तुरूपावर यज्दच्या झरतुष्ट्री समाजाची स्वतःची मुद्रा होती ते फारसे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. मेरी बॉइस यांनी १९६३–६४ मध्ये यज्दजवळील शरीफाबाद येथे राहून केलेल्या अभ्यासातून त्या घरांची रचना पुढे आली. अंगणाभोवती एका बाजूने उघडी असलेली दालने, त्यांना 'पेस्गम'. त्यांतील एक 'पेस्गम-ए-मस', म्हणजे थोरले, धार्मिक विधींसाठी शुद्ध राखलेले. बाहेरून हे घर नगण्य, कारण नगण्य दिसणे हीच त्याची अट होती. 'पेस्गम' हा शब्द त्या समाजाच्या बोलीतला. ही बोली बोलणारे आज थोडे उरले आहेत. पेस्गम-ए-मस ही खोली विटांनी बनत नाही. ती कोणत्या कामासाठी राखावयाची याचे ज्ञान असलेल्या कुटुंबाने बनते. कुटुंब गेले आणि शब्द गेला की डागडुजी करणाऱ्यास तेथे केवळ एक मोकळे दालन सापडते, आणि दालन म्हणूनच तो ते जतन करतो. दर्शनी मनोरे मोजणाऱ्या दृष्टीला असली घरे सापडणे मुळातच कठीण.

६

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. पाणी गेले, माणसे गेली, हे खरे. पण म्हणून भिंतीही जाऊ द्यावयाच्या काय? मातीची वास्तू निगराणीवाचून टिकत नाही. माती आणि पेंढ्याचा 'काहगिल' गिलावा वारंवार द्यावा लागतो. तो चुकला की पाऊस भिंतीत शिरतो. जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत यज्दच्या जुन्या भागातील बांधकामांचे नुकसान झाले, ते याच दुर्बलतेमुळे. जुन्या वाड्यांची हॉटेले झाली म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे की हॉटेलमालक निदान गिलावा देतो. जुन्या वस्तीतील अनेक कुटुंबे रुंद रस्त्यांच्या नव्या भागांत गेली आणि त्यांच्या जागी अल्प भाड्यात राहणारी, बहुधा स्थलांतरित, कुटुंबे आली. त्या उपऱ्यांना भिंत पडली तर घर सोडावे लागते, आणि भिंत सावरली व मोल वाढले तरी घर सोडावे लागते.

आक्षेपातील तथ्य मान्य करूनही त्यातून निघणारा निष्कर्ष पुरेसा ठरत नाही. जुने संबंध जसेच्या तसे परत आणावेत, अशी मागणी कोणी विचारी मनुष्य करणार नाही. त्या संबंधांत कनातीच्या वाट्याचा न्याय होता तसा भिंतीच्या उंचीचा अन्यायही होता. प्रश्न असा की, जुना संबंध तुटल्यावर त्याच्या जागी कोणता नवा संबंध उभा राहिला. या दृष्टीने यज्दमध्येच एक उत्साहवर्धक उदाहरण आहे. रसूलियान घराण्याचा जुना वाडा यज्द विद्यापीठाच्या वास्तुकला विभागाकडे आला आणि तेथे विद्यार्थी शिकू लागले. तेथे अंगणाला रोजचा वावर मिळाला, दालनांना काम मिळाले, आणि ज्यांनी उद्या मातीची दुरुस्ती करावयाची त्यांना मातीच्या घरात बसण्याची सवय लागली. हा वाडा पूर्वीचा राहिला नाही. पण त्याला पुन्हा जबाबदार धनी मिळाला. प्रवाशाला तीन दिवस जुन्या काळाचा भास देणाऱ्या हॉटेलापेक्षा या व्यवस्थेचे मोल निश्चितच निराळे आहे.

तेव्हा वारसा-नोंदीच्या अभ्यासकाने यज्दच्या उदाहरणावरून आपल्या पद्धतीत एक सुधारणा करणे अगत्याचे आहे. वास्तूच्या नावापुढे शतक, शैली आणि क्षेत्रफळ यांचे रकाने असतात. त्यांना आणखी तीन रकाने जोडावेत : ही वास्तू कोणत्या पाण्यावर, वाऱ्यावर वा व्यवसायावर चालत होती आणि ते आज आहे काय, ती बांधण्याचा व वापरण्याचा अधिकार कोणास होता आणि कोणास नव्हता, आणि तिचा गिलावा आज कोणाच्या खर्चाने होतो. पहिला रकाना भरताना झार्चच्या कनातीबरोबर झायन्देरूदची जलवाहिनीही लिहावी लागेल. दुसरा भरताना बादगीरांच्या शेजारी, बादगीर नसलेल्या ठेंगण्या घरांनाही स्थान द्यावे लागेल. तिसरा रकाना पुष्कळदा कोरा राहील, आणि ज्या वास्तूसमोर तो कोरा आहे ती यादीत असूनही धोक्यात आहे, हे निदान नोंदीवरून तरी कळेल. 'बचावले' हे क्रियापद वापरण्यापूर्वी एवढी चौकशी पुरी होणे आवश्यक आहे.